पंखेवाली यष्टी: बोडो ते लेक्नेस

फेब्रुवारीतली सकाळ. उत्तर नॉर्वेतल्या बोडो विमानतळावरून आम्ही विमानाकडे पायी निघालो, तेव्हा ताईने माझा दंड धरला. "अरे, हे तर आपल्या गुहागर गाडीएवढंच आहे!" खोटं नव्हतं. डॅश 8-100 या पंखेवाल्या विमानात जागा 39, म्हणजे यष्टीपेक्षाही कमी. रंगही ओळखीचाच, पांढरा आणि हिरवा. वारा असा की टोपी हाताने धरून चालावं लागत होतं. आणि मी शहाणपणा करून जाड जॅकेट चेक-इनच्या बॅगेत टाकलेलं! विमानापर्यंत उघड्यावरून चालत जायचंय, हे डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्या दोन मिनिटांत दात वाजायला लागले. बोडो आर्क्टिक वृत्ताच्या वर आहे, हे विसरू नका. जॅकेट अंगावरच ठेवा.

उत्तर नॉर्वेला जाणारे बहुतेक जण ऑस्लोहून मोठ्या जेट विमानाने थेट ट्रोम्सो गाठतात. आम्ही मुद्दाम वीडेरो या नॉर्वेच्या विमान कंपनीचं तिकीट काढलं. कारण एकच: ही कंपनी बघायचीच होती.

व्हिग्गो वीडेरो, त्याचा भाऊ आरिल्ड आणि काही मित्रांनी 1934 साली ऑस्लोजवळ ही कंपनी काढली. पाण्यावर उतरणारी विमानं, हवाई टॅक्सी, रुग्णांची ने-आण, जाहिरातींचे फलक ओढणं, असं मिळेल ते काम. नंतर आकाशातून घेतलेले शेतघरांचे फोटो विकण्याचा धंदा इतका चालला की नॉर्वेतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर आजही ते टांगलेले असतात. व्हिग्गोची मुलगी तुरी याच कंपनीत वैमानिक झाली आणि 1969 मध्ये एसएएस या मोठ्या स्कॅन्डिनेव्हियन कंपनीत गेली. पाश्चात्त्य जगातल्या मोठ्या विमान कंपनीतली ती पहिली स्त्री वैमानिक.

पण आजची वीडेरो घडली ती 1 जुलै 1968 पासून. त्या दिवशी नॉर्वेच्या हेल्गेलँड आणि नामडाल भागांच्या किनाऱ्यावर एकदम चार छोटे विमानतळ सुरू झाले: ब्रोनोयसुंड, सांडनेसशोएन, मो इ राना आणि नामसोस. धावपट्ट्या साधारण 800 मीटरच्या. मुंबईची मोठी धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची आहे, म्हणजे अंदाज करा. खाड्या आणि डोंगरांनी तुटलेल्या या किनाऱ्यावर रस्ता काढायचा तर फेरी, बोगदा, पुन्हा फेरी. त्यापेक्षा गावागावाला छोटी धावपट्टी बांधणं सरकारला परवडलं. ट्विन ऑटर विमानं तिथे उतरू लागली, 1980 च्या दशकात डॅश 7 आली, पुढे डॅश 8. यातले बरेच मार्ग आजही सरकारी मदतीवर चालतात. सरकार निविदा काढतं, रोजच्या किमान फेऱ्या ठरवतं, भाड्याला कमाल मर्यादा घालतं. तोट्यातली फेरी गावासाठी चालू ठेवायची, हे गणित आपल्याला काही नवीन नाही.

किंमतही मोजावी लागली आहे. 1988 मध्ये ब्रोनोयसुंडजवळ टोरगाटन या आरपार भोक असलेल्या डोंगरावर डॅश 7 आदळलं, 36 जण गेले. 1990 मध्ये वेरोय बेटावरून उडालेलं ट्विन ऑटर कोसळलं, तेव्हा तिथला विमानतळ कायमचा बंद झाला. वेरोयला जायचं तर आज बोडोहून हेलिकॉप्टर किंवा बोट.

मालकी फिरत राहिली. बरीच वर्षं एसएएसकडे, मग स्थानिक गुंतवणूकदारांकडे, आणि जानेवारी 2024 पासून नॉर्वेजियन या स्वस्त तिकिटांच्या कंपनीकडे. ताफ्याचा कणा मात्र डॅश 8 च. तीन एम्ब्रेअर ई190-ई2 जेटही आहेत आणि 2018 मध्ये हे मॉडेल जगात सर्वांत आधी वीडेरोनेच प्रवाशांसाठी उडवलं. पण 800 मीटरवर जेट काय कामाचं? खरी पंचाईत अशी की डॅश 8-100 बनणं कधीच थांबलंय आणि तिची जागा घेईल असं नवं विमान बाजारात नाही. विजेवर चालणाऱ्या छोट्या विमानाची योजना 2021 मध्ये गाजली होती. दोन वर्षांत इटलीच्या निर्मात्यानेच ती बाजूला ठेवली. त्यामुळे हा प्रवास करायचा असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

आता आतली गोष्ट. बोडो ते लोफोटेन बेटांवरचं लेक्नेस म्हणजे अर्ध्या तासाच्या आतलं काम. हवाई सुंदरी एकटीच, तीही बराच वेळ पट्टा लावून बसलेली. खाण्यापिण्याची आशा धरूच नका, पोटभर नाश्ता करून बसा. पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या रांगांत आवाज फार, म्हणून मागची खिडकी धरा. पंख वर असल्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. आम्ही डावीकडे होतो: करडा वेस्टफ्योर्ड समुद्र, मग एकाएकी पाण्यातून उभे राहिलेले लोफोटेनचे बर्फाळ सुळके. उतरताना चाक इंजिनाच्या पोटातून बाहेर येतं, ते खिडकीतून स्पष्ट दिसतं. आमचं चाक लोंबकळत खाली आलं, एका बाजूला किंचित तिरकं झालं, टेकलं, आणि लगेच असा ब्रेक लागला की ताई पुढच्या सीटवर जवळजवळ आदळली. शेजारच्या आजींनी मासिकातून मान वर केली नाही. त्या इस्पितळातून परतत होत्या. इथे कितीतरी लोक तपासणीसाठीच विमानात बसतात.

तिकिटाचं सांगतो. आमच्या पुण्यातल्या एजंटाने ऑस्लोपर्यंतचं आणि पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं काढली होती. तसं करू नका. वारा आडवा सुटला की या छोट्या धावपट्ट्यांवर विमान उतरतच नाही, आणि एकाच तिकिटावर असाल तर पुढची जबाबदारी कंपनीची राहते. हिवाळ्यात परदेशी विमानाच्या आदल्या रात्री ऑस्लोत मुक्काम हवाच. परदेशातून येऊन ऑस्लोला विमान बदलताना बॅग बऱ्याचदा स्वतः उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. मुंबईत चेक-इनलाच विचारा. केबिनची बॅग छोटी आणि मऊ घ्या, वरचे कप्पे अगदीच चिमुकले असतात. बोडोत मधे वेळ मिळाला तर नॉर्वेचं विमान संग्रहालय चुकवू नका. तिथे अमेरिकेचं यू-2 हेरविमान आहे. 1960 मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडलेलं यू-2 बोडोलाच उतरणार होतं. विमानतळावरून गावात चालतही जाता येतं.

विमान रद्द झालंच तर बोडोहून लोफोटेनमधल्या मोस्केनेसला फेरी आहे, साधारण साडेतीन तासांची. समुद्र खवळलेला असेल तर ताईसारख्यांनी गोळी आधीच घ्यावी.

लेक्नेसला उतरलो तर वास ओळखीचा. लाकडी मांडवांवर जोडीजोडीने कॉड वाळत घातलेला, आपल्याकडे बोंबील घालतात तसाच, फक्त हाताएवढा लांब आणि उन्हाऐवजी गार वाऱ्यावर. ताईने परतताना दोन सुके मासे घेतलेच. केबिनमध्ये न्यायचा तिचा विचार होता. 39 माणसांत तो वास लपणार थोडाच! शेवटी तीन पिशव्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाकले, माझ्या जॅकेटच्या जागी.