हवा कुठं गेली?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोननंतर टर्बोची गाडी बाहेर काढायची असेल, तर बूस्टच्या डायलवर रुमाल टाकून ठेवावा. उगाच जिवाला घोर नको. (टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; ती किती दाबानं कोंबली, म्हणजे बूस्ट किती, ते हे डायल दाखवतं.) उदाहरणाला स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्या. १.८ लिटरचं इंजिन, २० व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, आणि काचेशेजारच्या खांबावर कुणीतरी मागाहून हौसेनं बसवलेलं गोल डायल. पहाटे सुई झपकन उठते आणि गाडी पाठीत धपाटा घालते. दुपारी ४२ अंशांत सुई तेवढीच उठते, धपाटा मात्र येत नाही.

सुई खाली येणं ही एक तक्रार आणि गाडी जड होणं ही दुसरी. गॅरेजात दोन्हींना एकच उत्तर मिळतं: "टर्बो गेला बगा मालक."

पीएसआय, म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप, आपल्याला शिकवला तो पंक्चरच्या दुकानानं. पुढं तीस, मागं बत्तीस. दुकानासमोर घमेलं, त्यात चहाच्या रंगाचं पाणी. सायकलची ट्यूब पिळत-पिळत त्यात बुडवायची, आणि एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली की तिथं काडेपेटीची काडी खोचून खूण करायची. सायकल कुणाचीही असो, भोवती उभी असलेली पोरं श्वास रोखून ती माळ निघायची वाट बघायची. टर्बोच्या निम्म्या रोगांचं निदान त्या घमेल्यातच आहे.

डायलवरचा आकडा बाहेरच्या हवेच्या वर मोजलेला असतो, आणि बाहेरची हवा सगळीकडे सारखी नसते. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून इंजिन बंद, चावी चालू ठेवून ११५ नंबरचा ब्लॉक, म्हणजे आकड्यांचं पान, उघडा. मुंबईत तिथं १०१० मिलिबारच्या (हेही दाबाचंच माप) आसपास दिसेल. सोलापूर साडेचारशे मीटर उंचावर, इथं ९६० च्या आगेमागे. संगणकाला हवा असतो एकूण दाब. समजा त्यानं १५०० मागितले, तर मुंबईत टर्बोला ४९० ची भर घालावी लागते, इथं ५४० ची. म्हणजे सोलापुरात सुई थोडी जास्तच दिसायला हवी. त्यात ऊन. २० अंशांच्या हवेपेक्षा ४२ अंशांची हवा सात टक्क्यांनी विरळ. टर्बोनं ती दाबली की आणखी तापते. बाहेरच्या १.७ पट दाबाला साधारण ११५ अंशांवर जाते. बंपरच्या आत, चाकापुढं कोंबलेला छोटा इंटरकूलर तिला गार करणार, तोही गरम वाऱ्यानं! मग आतलं इंधन आपोआप पेटून इंजिन ठोकू नये म्हणून संगणक ठिणगी उशिरा पाडतो. सुई जागेवर, ताकद गायब. यात टर्बोचा काही दोष नाही.

सुईच खाली आली, तर मात्र हवा कुठंतरी निसटतेय.

आणि कृपा करून न्यूट्रलमध्ये रेस देऊन सुई बघू नका. हा प्रकार पाहिला की डोकं फिरतं. इंजिनावर ओझं नाही तर धूर पुरेसा नाही, धूर नाही तर टर्बाइनला जोर नाही. मोकळा रस्ता, तिसरा गिअर, २००० फेऱ्या, पॅडल तळापर्यंत. सुई शेजारच्यानं वाचायची, चालवणाऱ्यानं नव्हे.

निसटती हवा शोधायला आपली धूळ फार कामाची. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतच्या पाइपांत ऑइलचा बारीक अंश असतोच. जिथं क्लॅम्प ढिला, तिथून तो हवेबरोबर बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि सांध्याभोवती काळं चिकट कडं तयार होतं. ते दिसलं नाही तर घमेल्याचा प्रयोग. टर्बोच्या तोंडाला बसेल असं प्लंबिंगच्या दुकानातलं पीव्हीसीचं टोपण, त्यात भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी, नळी चिमट्यानं बंद करायची, नाहीतर दाब ऑइलच्या सीलांवर जातो. रेग्युलेटर लावून हवा दहा पीएसआयच्या वर नको. मग साबणाचं पाणी आणि कान.

या इंजिनात पहिला संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हवर, म्हणजे पॅडल सोडल्यावर दाबलेली हवा मागं वळवणाऱ्या झडपेवर. काढून हातात घ्या, खालून बोटानं आतला पडदा वर ढकला, बारीक नळीच्या तोंडावर अंगठा दाबा आणि बोट काढा. पडदा वर टिकला तर ठणठणीत. सावकाश खाली बसला तर फाटलाय. दुसरा संशय इंजिनात हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखालच्या नळ्यांवर. वीस वर्षांच्या उष्णतेनं त्यांची बिस्किटं झालेली असतात, हात लावला की चुरा. उलटा रोगही असतो. वेस्टगेट म्हणजे जादा धूर टर्बोला वगळून सोडून देणारी झडप; ती उघडणाऱ्या ॲक्च्युएटरची नळी निघाली तर झडप उघडतच नाही, सुई चढत सुटते आणि संगणक घाबरून गाडीचा गळा धरतो. म्हणून वाढलेली सुई बघून हरखू नये.

पण खाली आलेली प्रत्येक सुई आजारी नसते. १९९१ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या मझ्दा आरएक्स-७ मध्ये दोन टर्बो पाळीपाळीनं कामाला लागतात. पहिला दहा पीएसआय देतो, ४५०० फेऱ्यांना दुसरा येऊन मिळतो, त्या बदलीच्या क्षणी सुई आठवर उतरते आणि परत दहावर. 'दहा-आठ-दहा' हीच त्या गाडीची तब्येत. आठच्या जागी चार दिसले, तर मात्र बॉनेटखालचं नळ्यांचं जंजाळ उपसायचं. बहुतेकदा एखादा बोटाएवढा एकदिशा व्हॉल्व्ह दगा देतो. तोंडानं फुंकून बघायचा: एका बाजूनं हवा जावी, दुसऱ्या बाजूनं मुळीच नाही.

ऑक्टाव्हियाचे क्लॅम्प आवळले, पडदा शाबूत, नळ्या नव्या, सुई जागेवर, आणि तरी दुपारी गाडी सुस्तच, असं असेल तर त्यावर गॅरेजात इलाज नाही. सहा वाजेपर्यंत थांबायचं.