चार ओंजळी

३१ मार्च २०२५, सोमवार. रमजान ईद.

पाव्हणे गेले, शीरखुर्म्याचं पातेलं घासायला पडलंय, घरातले सगळे आडवे झालेत. लिहायला आत्ता कुठे सवड मिळाली.

काल एकोणतिसावा रोजा आणि पाडवा एकाच दिवशी आले. शेजारच्या काकू गुढी उतरवत होत्या आणि आम्ही अंगणात माना वर करून उभे. पोफळींच्या वर बारीकशी कोर दिसली. पाडवा अमावास्येनंतरचा आणि आमचा महिनाही कोरीवर पालटणारा, त्यामुळे दोन्ही सण शेजारी येण्यात नवल नाही. अधिक महिना आला की ही जोडी फुटणार.

चाँद दिसताच दादी आत वळली. "फितऱ्याचे तांदूळ काढा." फितरा म्हणजे ईदच्या नमाजआधी गरिबाला द्यायचं दान.

पुण्यातला माझा दोस्त हनफी पंथाचा, तो गव्हाच्या हिशेबाने रोख रक्कम देऊन मोकळा होतो. आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. आपण रोज जे खातो तेच धान्य द्यायचं, माणशी एक साअ. मशिदीत अडीच किलो सांगतात. दादीला तो आकडा मान्य आहे, पण तिला तांदूळ ओंजळीनेच मापलेला लागतो. एक साअ म्हणजे चार मुद, आणि मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. तिची स्वतःची ओंजळ आता चिमणीएवढी झालीय, म्हणून अब्बांना चटईवर बसवलं. एक, दोन, तीन, चार. मग वजनकाटा. कमी भरलं की वर मूठभर. मी दुकानातून स्वस्तातलं पोतं आणलं होतं, ते तिने नाकाशी धरलं आणि बाजूला सारलं. आपल्याला कुणी दिलं तर डोळे मिटून घ्यावं लागेल, असलं द्यायचं नाही. कुराणात आयतच आहे तशी. घरच्या कणगीतला काढावा लागला.

सूर्यास्ताला घरात जितकी माणसं, तितके वाटे. दादी, अब्बा, अम्मी, मी. चार. तिने पाचवा मापायला लावला.

"भाई तिकडे कुवेतमध्ये देईल ना. दिलाही असेल, त्यांची ईद आजच झाली."

"देऊ दे. माझ्या मोजणीत तो आहे."

भाई म्हटल्यावर मी गप्प झालो. पंधराव्या रोज्याला, असरच्या म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर, पोटात काही नसताना आमचं फोनवर वाजलं होतं. विषय काय, तर ओटीवरची कौलं. तो तिथून सूचना देत होता आणि मी म्हणालो, "पैसे पाठवले म्हणजे घर सांभाळलं असं होत नाही." तेव्हापासून ग्रुपवर सलाम, बाकी काही नाही. काल सकाळी त्याने ईदचा व्हिडिओ कॉल केला, तो मी अम्मीकडे दिला आणि विहिरीवर गेलो. विहिरीवर काहीही काम नव्हतं.

महिनाभर मी समजत होतो की पाणी तोडलं, जेवण तोडलं, म्हणजे रोजा झाला. ईद ही त्याची मजुरी. पण पैगंबरांचे सोबती इब्ने अब्बास यांच्याकडून आलेल्या रिवायतीत फितऱ्याची दोन कामं सांगितलीत: गरिबाच्या पोटाला घास, आणि रोजेदाराच्या वायफळ, वाईट बोलण्याची सफाई. म्हणजे आपण तोंड सांभाळणार नाही हे आधीच धरलेलं आहे. आणि नमाजच्या आत पोचवायचा, नंतर दिला तर तो साधा सदका, नेहमीचं दान. आधी दुसऱ्याची चूल, मग माझी तकबीर, नमाजातलं 'अल्लाहु अकबर'.

फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर पिशव्या घेऊन निघालो. खालच्या आळीतल्या एका चाचींकडे दोन दिल्या. त्यांच्या दाराआड आधीच एक छोटी पिशवी बांधून ठेवलेली होती. "ही माझी," म्हणाल्या, "जाता जाता मशिदीत दे." आमच्यात ईदच्या दिवसापुरतं खाऊन वर काही उरत असेल त्याच्यावर फितरा आहेच. मी त्यांना द्यायला गेलो होतो आणि त्यांचंच ओझं घेऊन निघालो. हलकी नव्हती.

ईदगाहवर नमाजच्या पहिल्या रकातला, म्हणजे पहिल्या फेरीला, सात तकबिरा, दुसरीला पाच. पाचव्या की सहाव्याला माझं लक्ष कौलांवर गेलं, हेही लिहून ठेवतो.

मघाशी भाईला फोन लावला. कामावरून नुकताच आला होता. दोघेही बराच वेळ "आणि? बाकी?" करत राहिलो. मग त्यानेच विचारलं, "दादीने यंदा किती मापले?"

"पाच."

तो हसला. म्हणाला, "कौलांचं पावसाच्या आधी बघ."

"बघतो," म्हटलं.