दांडे भिजत घातले का?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर पाचशे शब्द पाठवा, असं पत्र संपादक मंडळाकडून आलं. पाचशेत बसणार नाही. कात्री लावायची तर इमारतीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आठवणींना लावा, सरांच्या मजकुराला नको.

सरांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या आपल्या शाळेत ‘सर’ म्हटल्यावर कोण, हे सांगावं लागत नाही. भूगोल शिकवायचे, पण त्यांचा खरा तास दिवाळीच्या सुटीत भरायचा. पाच दिवसांचं श्रमदान शिबिर, दहा गट, गटात सहा जण, साठ मुलं-मुली. काम एकच, माळावर समतल चर खोदायचा, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवा, दोन्ही टोकं एकाच पातळीत असलेला. दोन फूट रुंद, एक फूट खोल, निघालेली माती उताराच्या बाजूला आणि चराच्या काठापासून फूटभर सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात घसरते. गटामागे शंभर फूट, म्हणजे दोनशे घनफूट, सरळ दोन ब्रास.

सर एक दिवस आधी पोचायचे. तंबू नंतर. आधी मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे शौचाचे चर, फूटभर रुंद, दोन फूट खोल, विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. त्याला तुराट्यांची ताटी आणि शेजारी राखमातीचा ढीग. हे खोदकाम सर स्वतः करत, त्यात कुणा पोराला हात लावू देत नसत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलं वर्गात गेल्यावर त्यांच्या खोल्या झाडत, मळके कपडे धुऊन टाकत, हे खानदेशात सगळ्यांना पाठ आहे. १९२४ ते १९३० या सहा वर्षांवर आपण भाषणं फार ठोकतो. सरांनी त्यावर एकही भाषण दिल्याचं आठवत नाही.

गटप्रमुख होणं ही आपल्या शाळेत मिरवायची गोष्ट नव्हती. काम वाढायचं. आदल्या संध्याकाळी गटाची अवजारं त्याने तपासायची: दोन टिकाव, दोन फावडी, दोन घमेली. टिकावाचा दांडा सैल असेल तर पाचर ठोकायची आणि डोक्याकडचा भाग रात्रभर पाण्यात ठेवायचा, लाकूड फुगून घट्ट बसतं. (हा उपाय एका दिवसापुरता, वाळलं की दांडा पुन्हा हलतो, म्हणून रोज रात्री.) सैल दांडा हातात फिरतो, आणि फिरणाऱ्या दांड्यानेच तळहाताला फोड येतात. मुलं नाजूक म्हणून फोड येत नाहीत, प्रमुखाने दांडा बघितला नाही म्हणून येतात, असा सरांचा सरळ हिशेब. त्यामुळे रात्री कंदील घेऊन फिरताना त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘दांडे भिजत घातले का?’ फोड आलाच तर फोडायचा नाही, स्वच्छ फडक्याची पट्टी बांधायची आणि त्या पोराला टिकावावरून घमेल्यावर घ्यायचं.

दर वीस मिनिटांनी अदलाबदल. टिकाववाला फावड्यावर, फावडेवाला घमेल्यावर, घमेलंवाला टिकावावर. अदलाबदलीच्या वेळी पाणी, तहान लागो न लागो. दिवाळी असली तरी अकरा वाजता आपल्या माळावरचं ऊन काय असतं, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. म्हणून सातला सुरुवात आणि साडेदहाला अवजारं खाली. एखाद्याला गरगरलं, उलटी-जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून ते मिश्रण प्रमुखाने आधी चाखायचं, चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं.

सरांची एक वही होती. कुणाला फिट येते, कुणाची चप्पल तुटली आहे, कुणाचा उपास आहे, कोण घरून आल्यापासून गप्प आहे, सगळं तिच्यात. चप्पल तुटलेल्याला खोदायला लावायचं नाही, चराची रेषा आखायची लाकडी चौकट धरायला द्यायची. ती चौकशी अहिराणीत व्हायची, ‘जेवना का रे भाऊ?’ प्रमाण मराठीत विचारलं की पोरं ‘हो सर’ म्हणून मोकळी होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक.

जेवणाचंही तसंच. साठ जणांना प्रत्येकी तीन कळण्याच्या भाकऱ्या, म्हणजे एकशे ऐंशी. किलोभर पिठाच्या आठ होतात, म्हणजे साडेबावीस किलो पीठ. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, दळतानाच मीठ. वाढायला प्रमुख, आणि प्रमुखांची पंगत शेवटची. सर त्यांच्याही नंतर. पहिल्या पंगतीला भूक जास्त असते, शेवटी तुटवडा हमखास. तो कुणाच्या ताटात पडणार हे आधीच ठरलेलं असल्यामुळे प्रमुख पीठ मोजताना डोळ्यांत तेल घालून उभे राहत. दुसऱ्या दिवसापासून भाकरी कमी पडत नसे.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं, तो. प्रसंग अगदी किरकोळ.

समतल रेषा आखायची ती चौकट म्हणजे ए-फ्रेम, इंग्रजी ‘A’च्या आकाराची. सात-सात फुटांच्या दोन काठ्या वर बांधलेल्या, खाली पायांत पाच फूट अंतर, मधे आडवी काठी, आणि शेंड्यापासून सुतळीला टांगलेला दगड. आडव्या काठीवरची खूण अशी काढतात: दोन खुंट्यांवर पाय ठेवून सुतळी जिथे टेकते तिथे एक रेघ, मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मधे समतलाची खूण. वारा असेल तर दगड जड घ्यायचा, नाहीतर सुतळी डुलत राहते.

एका वर्षी पाचव्या गटाचा चर जूनच्या पहिल्या पावसात एका टोकाला तुडुंब भरला आणि फुटला, दुसऱ्या टोकाला जेमतेम ओल. शाळा उघडल्यावर सर त्या गटाला तिथे घेऊन गेले. गटप्रमुखाचा चेहरा उतरलेला. सरांनी त्याला काही विचारलं नाही, चौकट मागवली आणि खूण नव्याने काढून बघितली. एका पायाचं टोक मुरुमावर झिजून अर्धा इंच आखूड झालेलं. पाच फुटांना अर्धा इंच म्हणजे शंभर फुटांत, वीस पावलांत, दहा इंच. चर मुळात बारा इंच खोल. फुटणारच.

पण पाय झिजला तरी चूक साठायलाच हवी असं नाही. चौकट पुढे नेताना पुढचा पाय जागेवर ठेवून मागचा फिरवून पुढे आणला, तर झिजका पाय एकदा पुढे, एकदा मागे येतो आणि एका पावलाची चूक पुढच्या पावलात फिटते. पोरांनी चौकट उचलून जशीच्या तशी पुढे ठेवली होती. झिजका पाय वीसही वेळा एकाच बाजूला.

म्हणजे चूक पोरांची होतीच. सरांनी तिथेच बसून वही काढली, ‘चर ५, पातळी चुकली’ असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लाल शाईने स्वतःचं नाव घातलं. खाली दोन ओळी: ‘सकाळी चौकट तपासली नाही. फिरवून दाखवली, करून घेतली नाही.’ पुढच्या शिबिरापासून रोज सकाळी दहाही चौकटींची तपासणी, आणि प्रत्येक प्रमुखाकडून दहा पावलं करून घेणं. चर दुरुस्त करायला सर फावडं घेऊन पहिले उतरले, त्या गटप्रमुखाला त्यांनी घमेलं दिलं.

हल्ली याला ‘सेवक नेतृत्व’ म्हणतात. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकी माणसाने १९७० साली ही कल्पना मांडली. टेलिफोन कंपनीत उभी नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्याने लिहिलं की आधी सेवा करायची इच्छा हवी, पुढारपण मागून येतं. कसोटीही दिली: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढतात का? प्रशिक्षणात हे पडद्यावर दाखवतात तेव्हा मला वातानुकूलित सभागृहात सरांचा कंदील दिसतो. आपल्याकडे तर पांझरेवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची रीत, पूर्वीपासून चालत आली आहे. फडात शेतकरी आपल्या हाताने पाणी घेत नाही, पाटकरी सगळ्यांच्या वतीने देतो, जागल्या सगळ्यांचं पीक राखतो, आणि दोघेही गावाचे चाकर. आपल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात सुमारे चारशे हेक्टर जंगल गावाने राखलं, त्यात पुढे राहिलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. सर असते तर वर्गात पेढे वाटले असते.

मृद्संधारणाच्या कामांवर देखरेख करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. चांगल्या कामाची प्रशस्तिपत्रं आहेत भिंतीवर, त्यातलं निम्मं श्रेय सरांच्या वहीचं. एक गोष्ट नव्या मुलांसाठी लिहून ठेवतो: मजुरांच्या कामाचं माप त्याच दिवशी, त्यांच्यासमोर घ्या. आठवडा गेला आणि मधे पावसाची सर आली की चरात गाळ बसतो, खोली कमी भरते आणि मजुरी कापली जाते ती घाम गाळणाऱ्याची. मुरूम लागलेल्या तुकडीला मऊ मातीच्या तुकडीइतकेच फूट देऊ नका. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी हवीच, आणि सहा वर्षांखालची पाच मुलं आली की त्यांना सांभाळायला एक बाई, असा नियम आहे. कागदावर सगळीकडे पाळला जातो.

शिबिरं आता पाच दिवसांची राहिली नाहीत. चर जेसीबी खोदतो, पाहुणे कोऱ्या फावड्यासह फोटो काढतात आणि पहिल्या पंगतीला बसतात. असो.

सरांची एक चौकट प्रयोगशाळेमागच्या खोलीत अजून आहे, असं कळलं. सोहळ्यात ती मंचावर मांडायचा विचार असेल तर सुतळी नवी बांधा. आणि खूण पुन्हा काढून घ्या, एक पाय झिजलेला आहे.