डावा गाल

उत्तरायण होऊन पंधरा दिवस झाले तरी आमच्या अगाशीवर मांजा निघतच असतो. (गच्ची म्हणायला हवं, पण बडोद्यात जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडात अगाशीच येते.) थंडी उतरली म्हणून लोकरीचे कपडे उन्हात टाकायला दुपारी वर गेले, तर टाकीच्या पाइपाला एक हिरवा पतंग अडकलेला आणि त्याची दोरी थेट माझ्या हातातल्या शालीच्या गोंड्यांत. ती सोडवत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला.

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळातला मुलगा. ‘काकू, यंदा सत्कारात संगीतवालेपण ठेवलेत. कॉलेजला ज्यांनी सेवा दिली असे. माजी विद्यार्थी दोन मिळालेत, एकांनी वॉटर कूलर दिलाय, एकांनी पंखे. संगीतातलं एक नाव तुम्ही सुचवा ना. संध्याकाळपर्यंत हं, शाली आणायच्यात.’

बरं म्हटलं. म्हणायचं खरं तर दुसरंच होतं. सेवा देतात त्या बँका. माणसं सेवा करतात. पण हल्लीच्या मुलांना हे सांगायला गेलं की ती ‘हो काकू’ म्हणतात आणि पत्रिकेत ‘सेवा दिली’ असंच छापून आणतात. दुसरा माझा राग ‘सत्कारमूर्ती’ या शब्दावर आहे. मूर्ती म्हटली की तिच्या पुढच्या दिवसांची कल्पना आपल्याला असतेच. वाजतगाजत आणायची, हार घालायचा आणि मग पाण्याकडे न्यायची.

पंख्यांचा मात्र राग नाही. आमच्या वेळीही कॉलेजच्या हॉलमध्ये देणगीचे पंखे होते आणि प्रत्येक पात्यावर तांबड्या रंगात दात्याचं नाव. पंखा फिरत असला की नाव दिसायचं नाही, वारा लागायचा. वीज गेली की घामाघूम होऊन आम्ही वर बघायचो आणि दात्याचं नाव सावकाश वाचायचो. अशा वेळी वाचलेलं नाव कुणी प्रेमाने घेत नाही.

हातातली शाल काकांची होती. माझे सख्खे मोठे काका पेटीवाले. हार्मोनियम म्हणायची घरात पद्धत नव्हती. नोकरी कचेरीत, पण संध्याकाळी जिथून बोलावणं येईल तिथे पेटी घेऊन जायचे. त्यात माझ्या कॉलेजचं स्नेहसंमेलन दर वर्षी ठरलेलं, मी त्या कॉलेजात जायच्या कितीतरी आधीपासून. किती वर्षं वाजवलं याचा हिशोब त्यांनी ठेवला नाही, कॉलेजनेही नाही. बिदागी म्हणून पाकीट मिळायचं. ते घरी आल्यावर काकूच उघडायची आणि काही न बोलता डब्यात टाकायची. तिच्या न बोलण्यावरून आकडा आम्हाला कळायचा.

मे महिन्यात दुपारी काका पेटी खोलून बसत. जमिनीवर जुनं धोतर पसरायचं आणि त्यावर सगळे भाग ओळीने मांडायचे. सूर सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे. इथे सूर म्हणजे पितळेची ती पट्टी, गळ्यातला सूर वेगळा. गंमत म्हणजे काका दोन्हींबद्दल एकाच आवाजात बोलत, त्यामुळे ‘याचा सूर बसलाय’ हे वाक्य पट्टीबद्दल आहे की समोरच्या बिऱ्हाडातल्या गाणाऱ्या मुलीबद्दल, हे चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागे. पट्टीच्या टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. तेही एवढंसं, नखावरचा रंग निघावा इतकंच. माझ्याकडे काम भात्याचं. ‘मार’ म्हणाले की मारायचा, ‘थांब’ म्हणाले की थांबायचं. मधल्या वेळात बोलायचं नाही. एकदा एक पट्टी काही केल्या वाजेना, तर तिच्या फटीत मुंगी निघाली, वाळलेली. काकांनी ती कागदाच्या कपट्याने बाहेर काढली, तळहातावर घेतली आणि म्हणाले, ‘पाहिलंस? हिच्यापायी परवा त्या पोरीचा कोमल गंधार गेला.’ मुंगी फेकलीसुद्धा नाही, खिडकीत ठेवली.

माझा एवढा मोठा समज होता की संगीत कॉलेज ज्याच्या काठावर आहे तो सूरसागर तलाव आपल्या या सुरांचाच. पुढे कळलं की ते नाव कुणा माणसाच्या नावाशी जोडतात. वाईट वाटलं. अजूनही तिथून जाताना मी माझंच कारण खरं मानते. ती शाळा 1886 सालची, सयाजीरावांनी दरबारी गवई मौलाबक्षांच्या हाताखाली काढलेली गायनशाळा. गाणं लिहून ठेवता यावं म्हणून मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली. 1949 साली विद्यापीठ झालं, त्यात ती शाळा गेली. आणि 1916 साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही इथेच, बडोद्यात. काका हे सगळं सांगताना असं सांगत, जणू परिषदेच्या सतरंज्या त्यांनीच घातल्या होत्या.

दरबारात तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं अख्खं खातंच होतं. नाव काय, तर कलावंत कारखाना! पीलखान्यात हत्ती, जवाहिरखान्यात दागिने, कारखान्यात कलावंत. त्या खात्याचे छापील नियमही होते. आज हे ऐकून आपण नाक मुरडतो की कलावंताला काय नियमांत बसवायचं. काकांना मात्र त्याचा हेवा वाटे. ‘नियम आहेत म्हणजे पगार आहे,’ ते म्हणायचे. ‘पगार आहे म्हणजे नाव हजेरीपटावर आहे. शालीचं काय, ती कुणाच्याही खांद्यावर टाकता येते.’ गवई फैयाजखाँसाहेब याच दरबारचे, 1950 साली गेले तेही इथेच. गायिका हिराबाईंचा तर जन्म मिरजेचा आणि आडनाव बडोदेकर. गाव आपल्या मागे लावून हिंडायला मिळणं, याच्यापुढे कसलं सन्मानचिन्ह?

पेटीवाल्याच्या वाट्याला अशी आडनावं येत नाहीत. उलट काका ऐन उमेदीत वाजवत होते, तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. 1940 पासून 1971 पर्यंत. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, तिचे स्वर ठोकून बसवलेले, ही तक्रार. काका म्हणत, ‘तक्रार खरी आहे.’ मग जरा वेळाने, ‘पण मला मींड काढायचीच नाहीये. ती गाणाऱ्याने काढावी. मी फक्त तो पडू नये म्हणून उभा आहे.’

पडणारी एकदा मीच होते. एफवायला संमेलनात भावगीत म्हणायला उभी राहिले. काळी चारमध्ये सुरुवात, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या सुराला सा धरून. समोर पहिल्या रांगेत प्राचार्य, मागे शिट्ट्या मारणारी कॉमर्सची पोरं. मुखड्यापर्यंत ठीक होतं. मग जी चढत गेले, ती अंतऱ्याला त्याच्या वरच्या पांढरी सहात. मला कळलंच नाही. काकांना पहिल्याच आवर्तनात कळलं आणि ते माझ्यासकट सरकले, इतके अलगद की हॉलमध्ये कुणालाही पत्ता लागला नाही. पेटी सरकली, पण तबला कसा सरकणार? तो काळी चारातच. तबलजी काकांचे जन्माचे मित्र. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ती नजर मला अजून आठवते. टाळ्या पडल्या. नंतर सायकलवरून घरी येताना काका एवढंच म्हणाले, ‘पुढच्या खेपेला पाणी पिऊन बस.’

या माणसाचा सत्कार झाला तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. असाच माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, असेच दोन दाते आणि ‘कॉलेजच्या सांस्कृतिक जीवनात मोलाचा वाटा’ म्हणून काका. शाल, नारळ आणि लाकडी पाटीवर पितळी पत्रा बसवलेलं सन्मानचिन्ह. घरी येऊन काकूने पत्र्यावरचं मोठ्याने वाचलं. काकांचं नाव, अगदी वेलांटीसकट बरोबर. आणि खाली ‘ज्येष्ठ तबलावादक’.

काकू संतापली. पत्र लिहा म्हणाली. काकांनी चहा घेतला, चपला घातल्या, पिशवीत सन्मानचिन्ह आणि नारळ घातला आणि मला म्हणाले, चल. दांडिया बाजारातून चालत थेट तबलजींच्या घरी. दारातच पिशवी पुढे केली. ‘हे घे. तुझं चुकून माझ्याकडे आलंय.’

तबलजींनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘नाव तुझं, वाद्य माझं. म्हणजे निम्मं-निम्मं. ठेव इथे.’ आणि ते सन्मानचिन्ह त्यांच्या शोकेसमध्ये नातवाच्या क्रिकेटच्या कपाशेजारी गेलं. नारळ तिथेच फोडला. गोड निघाला. दोघांनी पाणी एकाच भांड्यातून प्यायलं, खोबरं मला दिलं आणि मग कुठल्याशा जुन्या मैफिलीतली तिहाई कुणी चुकवली यावर जे भांडले, ते दिवेलागणीपर्यंत. ते सन्मानचिन्ह त्यांच्याकडून परत कधी मागितलं नाही. पुढे ते घर विकलं गेलं.

शाल तेवढी आमच्याकडे राहिली, आणि एक फोटो. त्या फोटोची गंमत अशी की तो बघून कॉलेजमधल्या कुणीच काकांना ओळखलं नव्हतं. माझी वर्गमैत्रीण, चार संमेलनांत त्यांच्या साथीवर गायलेली, म्हणाली, ‘हे कोण गं?’ मी चिडले होते तिच्यावर. आज दोरी सोडवता सोडवता वाटलं की तिचं काय चुकलं? पेटीवाला बसतो गाणाऱ्याच्या डाव्या हाताला, तोंड गाणाऱ्याकडे करून. समोरच्यांना वर्षानुवर्षं दिसतो तो त्याचा डावा गाल, डावा कान आणि भाता मारणारा डावा हात. गाणारीला तर तेवढंही दिसत नाही, ती समोर बघत असते. त्या दिवशी पहिल्यांदाच काकांना लोकांकडे तोंड करून खुर्चीत बसवलं होतं. उजवा गाल पहिल्यांदा उजेडात आलेला. ओळखणार कोण?

फोटोत बाकीचे दोघे, म्हणजे पंखे आणि बाकं दिलेले, कॅमेऱ्याकडे बघतायत. काकांची नजर उजवीकडे तिरकी, जिथे कुणीच नाही तिथे. मी पूर्वी म्हणायचे की फोटोग्राफरने घाई केली.

दोरी सुटली, पण शालीचा एक गोंडा तोडावा लागला. उन्हं टाकीच्या पलीकडे गेली. डांबरगोळ्यांचा वास काही जात नाही, मात्र काकूच्या पेटाऱ्याचा जो वास होता तो गेलाय. खाली आले तर फोन पुन्हा.

‘काकू, नाव?’

नाव मला मघाशीच सुचलं होतं. नाव म्हणजे माणूस. गेली कित्येक वर्षं कॉलेजच्या युवक महोत्सवाला पोरांच्या मागे पेटी धरतात ते. दर वर्षी मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून ऐकते. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच चढत गेली, तेव्हा तिच्याबरोबर सरकले. मी ते ओळखलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं, तर ती म्हणाली, काय झालं?

‘लिहून घे,’ मी म्हटलं. ‘आपले पेटीवाले आहेत ना ते. पेटी हं. तबला लिहू नकोस.’

‘नाही काकू, पेटीच लिहितो. पेटीवादक. आणि नाव?’

कानामागचे केस पांढरे, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ, चष्म्याची काडी सुताने बांधलेली. डावीकडची.

‘नाव, काकू?’

‘उद्या सांगते,’ म्हटलं. ‘विचारून.’