मागची चाकं सुटतात तेव्हा

जर्मनीत आल्यापासून न्यूर्बर्गरिंग डोक्यात होतं. आयफेलच्या डोंगरातला १९२७ सालचा मोटार शर्यतींचा ट्रॅक. जुन्या भागाची एक फेरी जवळपास २१ किलोमीटरची. पैसे भरले की कुणीही आपली गाडी घेऊन जाऊ शकतो. मात्र लोखंडी कठडा वाकवला तर त्याचे पैसेही आपणच भरायचे. म्हणून आधी प्रशिक्षण केंद्रात, घसरणारी गाडी सावरायचा सराव करतात त्या ओल्या वर्तुळावर एक दिवस काढला, आणि फार बरं केलं.

माझी गाडी टोयोटा जीटी ८६. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, त्यामुळे रस्ता कसा आहे ते स्टीअरिंगमधून थेट तळहाताला कळतं. या सुखासाठीच मी ही गाडी घेतली.

पाणी मारलेल्या वर्तुळावर वेग वाढवत गेलो, तसं गाडीचं नाक बाहेर सरकायला लागलं. घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला, तिथेच चुकलं. पाय काढला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि पकड सुटते. गाडी गर्रकन फिरली. मी ज्या वाटेने आलो तिकडेच तोंड करून उभा, वायपर चालूच.

वॉकीटॉकीवर प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "जिकडे जायचंय तिकडे बघा."

गाडी घसरते त्या बाजूला स्टीअरिंग फिरवायचं, हे वाचून माहीत होतं. खरी परीक्षा त्यानंतरची. मागच्या चाकांना पुन्हा पकड मिळते त्या क्षणी स्टीअरिंग सरळ झालेलं हवं. जरा उशीर झाला की गाडी चाबकासारखी उलट्या बाजूला फटकते. माझ्या निम्म्याहून जास्त गिरक्या या दुसऱ्या झटक्याच्याच होत्या. दुपारनंतर कधीतरी जमलं: पाय स्थिर, नजर वर्तुळाच्या पुढच्या कडेवर, आणि गाडी अर्धं वर्तुळ तिरकी तरंगत गेली. घशातून आपोआप ओरडणं निघालं.

रात्री बाबांना फोन केला. त्यांची प्रीमियर पद्मिनीही मागच्या चाकांवरच चालायची. पावसाळ्यात घाट चढायचा असला की ते डिकीत तांदळाचं पोतं टाकायचे. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, मागचं सुटतंय हे हातांच्या आधी कमरेला कळतं. सीट नीट लाव."

सीट दोन खाचा पुढे घेतली आहे. पुढच्या महिन्यात परत त्याच वर्तुळावर. रिंग त्यानंतर.