पर्मनंट झाल्यावर कसले कोर्स?

"मॅडम, पीएचडी झाली, पर्मनंट झालात, मग आता सुट्टीत कसले कोर्स करता?" म्हापशाच्या बाजारात भेटणारे पालक विचारतात, कॉलेजात नव्याने लागलेले शिक्षकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

नियम आहे, हे खरंच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला पहिल्या बढतीसाठी ओरिएंटेशन कोर्स लागतो, पुढे रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा कोर्स. १९८६च्या शिक्षण धोरणानंतर त्यासाठी विद्यापीठांतून अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात आहे ते केंद्र त्यांतलंच. आता ते शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली चालतं. बढतीसाठी कोर्स करण्यात मला काही गैर वाटत नाही. नुसती सही करून प्रमाणपत्र आणणं मात्र फार खटकतं, कारण मला तिथे जे मिळालं ते सही करून मिळणारं नव्हतं.

मी रसायनशास्त्र शिकवते. एका रिफ्रेशरमध्ये आम्ही एकमेकांसमोर पाठ घेतले. माझा पाठ संपल्यावर केप्याकडच्या एका गणिताच्या सरांनी वहीत पाहून सांगितलं, "तुम्ही अकरा प्रश्न विचारलेत आणि नऊंची उत्तरं तुम्हीच दिलीत." बारा वर्षं मी शिकवत होते, पण मागे बसून हे कुणी मोजलंच नव्हतं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात असंच मोजलं होतं. प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

परत आल्यावर द्वितीय वर्षाला विचारलं, "समुद्राचं पाणी आटत गेलं, तर सगळे क्षार एकदमच खाली बसतात का?" आणि थांबले. तीन सेकंद किती लांब असतात ते फळ्यापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. खडू बोटांत फिरवत राहिले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, पेडण्याकडची, वर्षभरात जिचा आवाज मी ऐकला नव्हता, हळूच म्हणाली, "ना मॅडम. मीठ काडले उपरांत जें उदक उरता, तें कोडू लागता." तिच्या घरचं आगरवाड्याला मिठागर.

उत्तर बरोबर होतं. आधी चुन्याचे क्षार बसतात, जिप्समसुद्धा, मग मीठ, मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात आणि तेच पाणी कडू करतात. विद्राव्यतेचा धडा त्या दिवशी तिनेच पुढे नेला. मुलं कोकणीत विचारत होती, ती सांगत होती, मी फळ्यावर समीकरणं लिहीत होते.

गणिताचे ते सर आणि मी आता दर सत्रात एकदा एकमेकांच्या वर्गात मागे बसतो. यासाठी प्रमाणपत्र नाही, बढतीच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. पुढच्या सोमवारी पहिली कदंबा बस पकडून मी केप्याला जाणार आहे. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, या वेळी माझी नजर कुठल्या बाकांवर जात नाही तेवढंच बघा.