मामाला विचारून

मामाच्या आजाराचं नाव घरात सगळ्यांत शेवटी मामाला कळावं, जमलं तर कळूच नये, असा आमच्याकडे बेत शिजला होता. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, हैदराबादहून फोनवर सांगत होता, "बाबांना फक्त कावीळ म्हणा. कळलं तर खचतील." मामीचंही तेच. आणि मामा कोण, तर चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात काढलेला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून साहेबाशी भांडलेला माणूस. सीटी स्कॅनची पिशवी त्याच्यापासून लपवायची, आणि पिशवीवर नाव त्याचंच.

सुरुवात काविळीनंच झाली होती. डोळे पिवळे, लघवी गडद, संडास पांढुरकी आणि अंगाला अशी खाज की रात्रभर मामी पाठीला खोबरेल चोळत बसायची. दुखत मात्र काहीच नव्हतं, म्हणून कुणी गांभीर्यानं घेतलं नाही. शेजारच्यांनी काविळीचं झाडपाल्याचं औषधही आणून दिलं. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, मग सीटी झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आणि यकृतात तीन-चार डाग. एंडोस्कोपीतून पित्तनलिकेत ती उघडी ठेवणारी छोटी नळी, म्हणजे स्टेंट, घालायचा ठरला तेव्हा प्लास्टिकचा की धातूचा, हा पहिला निर्णय आमच्यापुढे आला. प्लास्टिकचा स्वस्त, पण साधारण तीन महिन्यांत तुंबतो. धातूचा महाग, पण जास्त टिकतो. पुढे केमो द्यायची झाली तर बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, उतरलेलं लागतं आणि मधेच स्टेंट तुंबून ताप आला तर सगळंच लांबतं, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. आम्ही धातूचा घेतला. यकृतातल्या डागाची सुई घालून बायोप्सी झाली आणि 'स्वादुपिंडाचा कॅन्सर, चौथी स्टेज' हे शब्द फाईलमध्ये आले.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीत आम्ही पाच जण घुसलो होतो. दादा विमानानं आलेला, त्यानं आत शिरतानाच डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावलं. डॉक्टरांनी खूण पाहिली आणि सरळ मामाकडे वळून विचारलं, "काका, तुम्हाला आजाराबद्दल काय माहिती आहे? आणि किती जाणून घ्यायचंय?"

मामा म्हणाला, "दारावरची पाटी मराठीतच आहे, साहेब. पुढचं बोला."

दादा उठून बाहेर गेला. मला तर सुटल्यासारखं वाटलं. लपवाछपवीत घरातला प्रत्येक जण दुसऱ्याशी नाटक करतो, आणि पेशंट ते सगळ्यांत आधी ओळखतो. वर त्याला स्वतःची भीती बोलायलाही कुणी उरत नाही. काही माणसांना खरंच तपशील नको असतो. तेही त्यांनीच सांगू द्यावं. मामाला हवा होता.

"ऑपरेशन करून काढून का टाकत नाही?" हा प्रश्न आमच्या प्रत्येक नातेवाइकानं मला वेगवेगळा विचारला. यकृतात पोचल्यावर मूळ गाठ काढून आयुष्य वाढत नाही, उलट एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेतून सावरण्यातच चांगले दिवस जातात, हे उत्तर मला पुढे पाठच झालं.

दुसरं मत घ्यायचं होतं. डॉक्टरांना कसं सांगावं याचा मामीला फार संकोच, पण सांगितल्यावर त्यांनी स्वतःच दोन पानी सारांश टाईप करून दिला. ज्यांना अशा प्रश्नाचा राग येतो ते डॉक्टर मला तरी नको असते. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं तर नुसते रिपोर्ट पुरत नाहीत. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड पॅथॉलॉजीतून अर्ज करून मागून घ्यावे लागतात, स्कॅनची सीडी लागते, छापील फिल्म असेल तर तीही. मामाला नेलंच नाही. दादा आणि मी सिंहगड एक्स्प्रेसनं दादरला उतरून गेलो. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे, कागदपत्रं अपलोड केली की टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या, तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं. मुंबईचं मत पुण्यासारखंच आलं. वेगळं एकच: बीआरसीए जनुकाची रक्ततपासणी करून घ्या, दोष निघाला तर औषधं बदलतात आणि मुलांनाही तपासावं लागतं. ती निगेटिव्ह आली.

मग खरा प्रश्न. पर्याय तीन होते. चार औषधांची कडक केमो, तिच्यासाठी छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची डबी, बसवायचा आणि सेहेचाळीस तास पंप लावून घरी यायचं. नाहीतर जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधं, आठवड्यातून एकदा असे तीन आठवडे आणि चौथा सुट्टीचा. नाहीतर केमो न घेता फक्त त्रास कमी करायचे उपचार. मामानं विचारलं, "आकडा सांगा."

डॉक्टर जरा थांबले आणि त्यांनी सांगितला. 2013 साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात 861 रुग्ण होते. जेमसायटाबिन एकटं घेणाऱ्यांत निम्मे रुग्ण 6.7 महिन्यांच्या पुढे जगले, दोन्ही औषधं घेणाऱ्यांत निम्मे 8.5 महिन्यांच्या पुढे. वर्षानंतर हयात असणारे शंभरात 22 विरुद्ध 35. कडक केमोच्या 2011 च्या अभ्यासात हाच मधला आकडा 11.1 महिने होता, पण त्यात 75 च्या आतले आणि धडधाकट रुग्णच घेतलेले. मामा तेव्हा 71 चा, वजन बारा किलोनं उतरलेलं.

"म्हणजे निम्मी माणसं ह्या आकड्याच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. मी कुठल्या बाजूला ते कुणालाच माहीत नाही," मामा म्हणाला.

"बरोबर."

"मग दोन औषधांचं द्या. दोन महिन्यांनी स्कॅन करू, आणि तेव्हा परत बोलू."

हे 'परत बोलू' त्यानं सहज म्हटलं, पण पुढे तेच आमच्या कामी आलं. तोवर मी समजत होते की एकदा ठरलं की ठरलं, गाडीत बसायचं आणि शेवटच्या स्टॉपला उतरायचं. मामानं दर स्कॅनला थांबून विचार करायची सवय लावली.

पैशांचं थोडक्यात सांगते. मामाचा मेडिक्लेम होता, डे केअर केमो त्यात बसली, पण प्रत्येक फेरीआधी मंजुरी, आणि मंजुरीसाठी डॉक्टरांचं पत्र ताज्या तारखेचं. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करावी. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशन कार्ड आणि आधार लागतं आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. सगळीच औषधं योजनेत बसत नाहीत, म्हणून केमोचं नाव लिहून नेऊन तिथेच विचारायचं.

खाण्यावरून घरात जी रणं झाली त्यांची तर स्वतंत्र फाईल होईल. व्हॉट्सअॅपवर कुणी साखर बंद करा म्हणून पाठवलं, कुणी गव्हांकुरांचा रस, कुणी गोमूत्र. मामीनं साखर बंद करून टाकली आणि मामाचं वजन आणखी उतरलं. आहारतज्ज्ञ बाईंनी मामीला बसवून सांगितलं, जे जातं ते खाऊ दे, थोडं थोडं, तूप-शिरा चालेल, रक्तातल्या साखरेचं आपण औषधानं बघू. खरा फरक पडला तो कॅप्सूलनं. स्वादुपिंड पाचकरस देत नाही म्हणून खाल्लेलं तेलकट होऊन तसंच बाहेर पडत होतं. पॅनक्रिआटिनची कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर एक अशी घ्यायची. मामी ती जेवण झाल्यावर देत असे, बाकीच्या गोळ्यांसारखी. वेळ बदलली तशी पंधरवड्यात पोटातली गुडगुड थांबली.

केमो चालू असताना पालखी आली. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्काम करते, आणि मामा आणि त्याचे कारखान्यातले दोस्त दर वर्षी तिथे वारकऱ्यांना चहा द्यायला उभे असतात. नेमका त्याच दिवशी इंजेक्शनचा वार. मामी म्हणाली, विठोबा समजून घेईल. मामा म्हणाला, डॉक्टरही घेतील, विचारून तरी बघू. डॉक्टरांनी आठवडाभर पुढे ढकललं, म्हणाले, ह्याच्यासाठीच तर औषध देतोय. मात्र पांढऱ्या पेशी बघितल्या, मास्क लावायला सांगितला आणि 100.4 च्या वर ताप गेला तर थेट इमर्जन्सीत यायचं, हे दोनदा बजावलं. मामा खुर्चीवर बसून कप भरत होता.

पहिला स्कॅन बरा आला. गाठ थोडी आकसलेली. दादा खूश. पण मामाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. निवृत्तीनंतर गॅलरीत त्यानं छोटं टेबल मांडलेलं. आळीतली शिलाई मशीनं, मिक्सर, भिंतीवरची घड्याळं त्याच्याकडे यायची. एका संध्याकाळी गेले तर बॉबिन केसचा तो मुगाच्या दाण्याहून बारीक स्क्रू तो चिमटीत धरायचा प्रयत्न करत होता. स्क्रू पडायचा, तो लोहचुंबकानं उचलायचा, परत बोटांत घ्यायचा, परत पडायचा. मी काही बोलले नाही. त्यानंच विचारलं, "हे कशानं होतं? दोन्हींतल्या कुठल्या औषधानं?"

नॅब-पॅक्लिटॅक्सेलनं होतं. डोस कमी करून पाहिला, मग मामाच्याच सांगण्यावरून ते बंद करून एकटं जेमसायटाबिन ठेवलं. दादाचं म्हणणं, औषध लागू पडतंय ते सोडायचं कसं? मामाचं म्हणणं, हात गेल्यावर गॅलरीत बसून मी करू काय? डॉक्टरांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि सांगितलं की मुंग्या वाढू दिल्या तर काही वेळा त्या कायमच्या राहतात. निर्णय मामाचा.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करायच्या उपचारांचं, सेंटर आहे, त्याचं नाव मी केमो चालू असतानाच काढलं होतं. मामी हबकलीच, "तिथे शेवटच्यांना नेतात." तसं नाही. 1997 पासूनचं हे केंद्र, पैसे घेत नाहीत, आणि केमो चालू असलेले रुग्णही तिथे दुखण्यासाठी, झोपेसाठी येतात. तिथल्या डॉक्टरांनी मामीला 2010 चा एक अभ्यास सांगितला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना पहिल्यापासून पॅलिएटिव्ह डॉक्टरही दिलेले. त्यांचं मन जास्त स्थिर राहिलं आणि ते सरासरीनं जास्त जगलेही. आजार वेगळा असला तरी मामीची भीड चेपली.

पाठीत दुखू लागलं तेव्हा मॉर्फिन सुरू झालं. त्याच्याबद्दल घरोघरी गैरसमज: सवय लागेल, माणूस गुंगीत जाईल, हे शेवटचं औषध. मामाला दर चार तासांनी गोळी होती, घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. पहिले दोन-तीन दिवस झोपाळलेला, मग नीट. बद्धकोष्ठ मात्र हटकून होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचं. ते नाही केलं तर दुखण्याहून तेच भारी पडतं.

पुढच्या स्कॅनमध्ये यकृतातले डाग वाढलेले. दुसऱ्या फळीची केमो आहे, डॉक्टर म्हणाले, पण फायदा आठवड्यांच्या हिशेबातला असू शकतो आणि तब्येत पहिल्यासारखी नाही. मी मामाला घरी आल्यावर, मामी स्वयंपाकघरात असताना विचारलं, "तुला काय करायचंय?" त्याला तीन गोष्टी करायच्या होत्या. फ्लॅटचं मृत्युपत्र नोंदवायचं, गॅलरीतली दुरुस्तीला आलेली मशीनं ज्याची त्याला परत द्यायची, आणि व्हेंटिलेटरवर जायचं नाही हे लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 ला अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 ला रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. मामानं मामीचं आणि माझं नाव घातलं. दादाचंही घालायचं म्हणाला, पण दादानं सही करायला नकार दिला.

मामा दिवाळीनंतर घरीच गेला. वारज्याची टीम आदल्या दिवशीच येऊन गेली होती आणि रात्री श्वास बदलला तर काय करायचं हे मामीला लिहून दिलेलं होतं, म्हणून ऐनवेळी कुणी अँब्युलन्स बोलावली नाही.

दादाला अजूनही वाटतं की दुसरी केमो घ्यायला हवी होती. वर्षश्राद्धाला आला तेव्हाही विषय निघाला. तो म्हणतो, तू जवळ होतीस, तू समजावलं असतंस तर बाबा तयार झाले असते. कदाचित झालेही असते. माझं मामा ऐकायचा. म्हणूनच मी समजावलं नाही. हे त्याला सांगितलं तर तो गप्प बसला, पटलं असं नाही. जेवणं झाल्यावर त्यानं मामाच्या हत्यारांचा डबा हैदराबादला न्यायला मागितला आणि मामीनं दिला.